डी ड्राइव्हवरचं टिश्यूचं पाकीट

"डी ड्राइव्ह फुल आहे," वेई लिंग म्हणाली. "तिथे काही बसणार नाही."

वेई लिंग माझ्या शेजारच्या डेस्कवर बसते, आमच्याच टीममध्ये आहे. मी तिच्या स्क्रीनकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे पाहिलं. डी ड्राइव्ह म्हणजे आमच्या सर्व्हरला नुकतीच जोडलेली कोरी डिस्क. तिची मागणी मीच केली होती आणि ती मंजूर व्हावी म्हणून मीटिंगांमागून मीटिंगांत मीच भांडले होते. त्या डिस्कवर आम्ही अजून एक अक्षरही टाकलं नव्हतं. तरी ती काठोकाठ भरलेली दिसत होती.

"कशाने भरली?"

"एकच फाइल आहे. भली मोठी. नाव काय तर रिझर्व्ह्ड, डू नॉट टच." तिने खांदे उडवले. "समबडी चोप ऑलरेडी, लाह."

'लाह' हे इथल्या बोलण्यातलं नुसतं शेपूट, पण 'चोप' हा शब्द सिंगापूरला न आलेल्यांसाठी सांगायला हवा. इथे हॉकर सेंटर असतात. एका छपराखाली खाण्याचे पुष्कळ गाळे आणि मधे सगळ्यांची मिळून टेबलं. ऑफिसं सुटतात त्या जेवणाच्या वेळी टेबल मिळणं महाकठीण. म्हणून लोक आधी टेबलावर टिश्यूपेपरचं पाकीट ठेवतात आणि मग निवांत रांगेत उभे राहतात. पाकीट ठेवलं की जागा तुमची झाली. याला म्हणतात चोप करणं. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, तसंच. फरक इतकाच, की एसटीत रुमालावरून भांडण जुंपतं आणि इथे कोणी पाकिटाला हातसुद्धा लावत नाही. रॅफल्स प्लेसला बँकांचे मोठाले साहेब गळ्यातलं ऑफिसचं कार्ड टेबलावर टाकून नूडल्स आणायला जातात. वाफाळता ट्रे हातात घेऊन लोक दहा मिनिटं उभे राहतील, पण पाकीट सरकवणार नाहीत. ही इथली रीत आहे आणि खरं सांगायचं तर मला ती आवडते.

पण ही रीत आमच्या सर्व्हरपर्यंत पोचली होती. नवी डिस्क आली की कोणीतरी तिच्यावर एक रिकामी, अवाढव्य फाइल बनवून ठेवायचं. आत काही नाही, नुसती जागा अडवलेली. पुढे लागेल तेव्हा आपल्याला असावी म्हणून. आणि बाकीचे सगळे सभ्य लोक तिला वळसा घालून जायचे.

आता मी काय काम करते ते सांगते. मी मूळची ठाण्याची. इथे एका मालवाहतूक कंपनीत एंटरप्राइझ सॉफ्टवेअर सांभाळते. म्हणजे कंपनीचा सगळा कारभार ज्या एका मोठ्या सॉफ्टवेअरवर चालतो, ते चालू ठेवणं हे माझं काम. कंटेनरचं बुकिंग, कस्टम्सची परमिटं, गिऱ्हाइकांची बिलं, सगळं त्यातच. ते बंद पडलं की कंटेनर बंदरात उभे राहतात आणि माझा फोन वाजायला लागतो.

हे सॉफ्टवेअर होतं सी ड्राइव्हवर, आणि तेच दुखणं होतं. सी ड्राइव्ह म्हणजे सर्व्हरचं स्वयंपाकघर. मशीन ज्याच्या जिवावर चालतं ते विंडोज तिथे असतं आणि त्याला हात-पाय हलवायला मोकळी जागा लागते. पण काही वर्षांपूर्वी ज्या कोणी आमचं सॉफ्टवेअर बसवलं, त्याने समोर येणारा एकही स्क्रीन न वाचता 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' दाबलं. असं केलं की सॉफ्टवेअर गुपचूप सी ड्राइव्हवर जाऊन बसतं. म्हणजे घरातले पलंग, कपाटं, गाद्या, सगळं स्वयंपाकघरात. त्यात अपडेट साचले, मशीन रोज लिहून ठेवतं त्या नोंदींचे लॉग साचले, छापलेल्या बिलांच्या प्रती साचल्या. आता गॅसपर्यंत हात पोचत नव्हता. सी ड्राइव्ह पूर्ण भरला तर नुसतं सॉफ्टवेअर थांबत नाही, अख्खं मशीन आडवं होतं. आधीच्या आठवड्यात बिलं छापणं दोनदा अडकलं होतं. मी जुने लॉग पुसून कशीबशी वेळ मारून नेली होती.

म्हणून ठरलं होतं, सॉफ्टवेअर सीवरून डीवर हलवायचं. महिनाअखेर यायच्या आत.

मीही पहिले दोन दिवस त्या फाइलला वळसाच घातला. दुसरीकडे कुठे जागा मिळते का ते शोधत बसले. इन्फ्राच्या, म्हणजे सर्व्हर जोडणाऱ्या-सांभाळणाऱ्या लोकांना विचारलं, तर ते म्हणाले, ज्याची फाइल आहे त्याला विचार. कोणाची आहे विचारलं, तर सगळ्यांनी एकदम कानावर हात ठेवले. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. डिस्क मी मागितलेली, सॉफ्टवेअर मरायला टेकलेलं, आणि मी मात्र कोणाच्या तरी टिश्यूच्या पाकिटापुढे ट्रे घेऊन उभी!

मग मी माणसांना विचारायचं सोडलं आणि मशीनला विचारलं. प्रत्येक फाइल कोणी बनवली ते सर्व्हरला ठाऊक असतं. ही बनली होती डेस्मंडच्या खात्यातून, डिस्क जोडली त्याच दिवशी. मी ती सुरुवातीला उघडून पाहिली, मधे पाहिली, शेवटी पाहिली. नुसती शून्यं. तिचा एक तुकडा काढून झिप केला, म्हणजे दाबून लहान केला. खरा मजकूर असला की फाइल दाबून थोडीशीच लहान होते. हा तुकडा चिमूटभर उरला. फाइल रिकामी होती.

डेस्मंड माझा बॉस. माणूस तसा वाईट नाही. चायनीज न्यू इयरला सगळ्यांना पायनॅपल टार्ट आणतो, लोकांचे वाढदिवस लक्षात ठेवतो. त्याची एकच सवय मला कधी झेपली नाही. तो काहीही लिहून देत नाही. सगळे निर्णय पँट्रीत, कॉफी ढवळता ढवळता. नंतर काही बिघडलं तर 'मी असं म्हटलंच नव्हतं' म्हणायला मोकळा.

मी त्याच्या केबिनमध्ये गेले. तो बोलतो अर्थातच इंग्रजीत, मी इथे मराठीत सांगते.

"डीवरची फाइल तुझी आहे?"

"ती जागा रिझर्व्ह्ड आहे."

"कशासाठी?"

"एआयचा पायलट प्रोजेक्ट. शिपिंगची कागदपत्रं आपोआप वाचणार. रीजनल ऑफिसला मी सांगून ठेवलंय."

"कधी सुरू होणार?"

"सून," तो म्हणाला, म्हणजे लवकरच.

"कोणाकडून करून घ्यायचं ते तरी ठरलंय?"

तो म्हणाला, "मीनल, तू सॉफ्टवेअर ई ड्राइव्हवर टाक ना. तिथे जागा आहे."

ई ड्राइव्हवर जागा होती, हे खरं. ती जुनी, संथ डिस्क. तिच्यावर रोज आमच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप पडतो, म्हणजे काही नासलं तर परत उभं करायला ठेवलेली प्रत. सॉफ्टवेअरही तिथेच ठेवायचं म्हणजे मूळ कागदपत्रं आणि त्यांच्या झेरॉक्स एकाच पिशवीत घालून पिशवी रिक्षात विसरायची सोय करणं. ती एक डिस्क गेली की दोन्ही गेलं.

हे मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली, जशी लहान मुलाचं ऐकताना हलवतात.

"आणि रीइन्स्टॉल वगैरे करत बसू नको. सीवरचं फोल्डर उचल, ईवर ठेव आणि जुन्या जागी जंक्शन लाव. झालं."

जंक्शन म्हणजे जुन्या पत्त्यावर लावलेली पाटी, 'आम्ही तिकडे राहायला गेलो आहोत.' सॉफ्टवेअरला वाटतं आपण अजून जुन्याच घरी आहोत. रोजचं काम त्याने चालतं. पण कंपनीकडून पुढचं अपडेट येतं तेव्हा ते कधी पाटी वाचतं आणि कधी पाटीच उखडून टाकतं. मग अर्धं सॉफ्टवेअर इथे आणि अर्धं तिथे. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला, की ते शांतपणे म्हणतात, असं करायला आम्ही सांगितलं नव्हतं.

"शनिवारी करून टाक," डेस्मंड म्हणाला. "क्वाएटली. चेंजचा अर्ज तुझ्या नावावर."

"आणि सोमवारी बिघडलं तर?"

"नाही बिघडणार, लाह." त्याने लॅपटॉप मिटला. मी उठले, दारापर्यंत पोचले. तेव्हा तो मागून सहज म्हणाला, "बाय द वे, तुझं पास रिन्यूअल जवळ आलंय, नाही का?"

मी "हो, दोन महिन्यांनी" म्हणाले आणि बाहेर आले.

त्या वाक्याचं वजन कळायला पास म्हणजे काय ते कळायला हवं. मी एम्प्लॉयमेंट पासवर आहे. तो संपत आला की त्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मी करू शकत नाही, कंपनीने करायचा असतो. कंपनीने केला नाही तर देश सोडायचा. माझा नवरा हेमंत आणि मुलगी इरा माझ्या पासवर अवलंबून, डिपेंडंट पासवर आहेत. हेमंतने माझ्यासाठी ठाण्यातली चांगली नोकरी सोडली. इरा इथल्या शाळेत सेकंडरी थ्रीला, म्हणजे आपल्या नववीला आहे. म्हणजे डेस्मंडने एका अर्जावर सही केली नाही, तर आम्हा तिघांचा मरीन परेडचा संसार उचलायचा होता.

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बसेपर्यंत मी घाबरलेली होते. घरी पोचेपर्यंत माझा संताप झाला होता. तो पासबद्दल बोलला याचा नाही. ई ड्राइव्ह चूक आहे हे त्यालाही कळत होतं, आणि तरी ते माझ्या गळ्यात मारायला त्याला माझ्या मुलीची शाळा पुढे करावीशी वाटली, याचा.

हेमंत थालीपीठं लावत होता. इथली कामं त्याने अशी काही अंगावर घेतली आहेत, की भाजणी ठाण्याहून कोणाबरोबर कधी येणार याचं वेळापत्रक त्याला पाठ असतं. मी ओट्याला टेकून त्याला सगळं सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"दोन महिन्यांनी, म्हणाले."

"म्हणजे घाबरलीस."

"हो. घाबरले."

त्याने थालीपीठ उलटलं. "बरं. आता मला सांग, त्या ई ड्राइव्हवर टाकलंस आणि बोंबललं तर तुझा पास राहील?"

"कसला राहतोय? चेंज माझ्या नावावर."

"आणि नाही टाकलंस तर?"

"जाईल बहुतेक."

"मग दोन्हीकडून जायचाच असेल तर निदान तुझ्या मनासारखं करून जाऊ दे," तो म्हणाला. "मला ठाण्यात लोक अजून ओळखतात."

इरा टेबलावर गृहपाठ करत होती. ती मराठीत सगळं समजते, उत्तर मात्र तिच्या भाषेत देते. "देन हाऊ? वी गो बॅक, इज इट? माय नेटबॉल टीम हाऊ?"

"माहीत नाही गं," मी म्हणाले. खोटं सांगावंसं वाटलं नाही.

तिने पेन्सिलचं टोक चावलं. मग म्हणाली, "यू नेव्हर डू राँग, देन व्हाय मस्ट स्केअर्ड?" आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. मला तिथल्या तिथे रडू आलं. थालीपीठाचा धूर डोळ्यांत गेला असं हेमंतने जाहीर केलं आणि खिडकी उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात पोचल्या पोचल्या मी मेल लिहिला. सगळ्या विभागांना, डेस्मंडला आणि अकाउंट्सच्या प्रमुख मिसेस कोह यांना. मजकूर साधारण असा:

'डी ड्राइव्हवर रिझर्व्ह्ड नावाची एक फाइल आहे. मी ती तपासली. आत शून्यांखेरीज काही आढळलं नाही. सॉफ्टवेअर हलवण्यासाठी ही जागा लागणार आहे, म्हणून येत्या शुक्रवारी दुपारी बारा वाजता मी ही फाइल काढणार आहे. फाइल ज्यांची असेल त्यांनी तिच्यात काय आहे आणि ते का ठेवायचं, हे या मेलला उत्तर देऊन कळवावं. उत्तर आल्यास फाइलला हात लावणार नाही.'

फाइल कोणाची हे मी लिहिलं नाही. तेवढा आब राखला. मेल पाठवला आणि पाण्याची बाटली भरून आणली. परत येते तर डेस्मंड डेस्कपाशी उभा.

"मेल रीकॉल कर, परत घे."

"नाही करणार."

"आपल्याकडे असं करत नाहीत, मीनल. वी टॉक फर्स्ट."

"काल बोललो की. आता लिहू या."

"मी तुला थांबवू शकतो."

"थांबव ना. मेलला उत्तर दे, काढू नको, आत अमुक अमुक आहे. एका ओळीचं काम आहे."

आजूबाजूच्या कीबोर्डांचे आवाज थांबले होते. डेस्मंडने माझ्या टेबलावरचं कॅलेंडर उगाच सरळ केलं आणि निघून गेला.

जेवायच्या सुट्टीआधी मिसेस कोहचं उत्तर आलं, सगळ्यांना. त्या कमी बोलतात आणि लिहितात त्याहून कमी. 'व्हॉट इज इनसाइड? इफ नथिंग, प्लीज रिमूव्ह. माय मंथ-एंड इज वेटिंग.'

दुसरं कोणाचं उत्तर आलं नाही. लोक येताजाता माझ्याकडे बघायचे आणि नजर चुकवायचे. "यू व्हेरी डेअरिंग," वेई लिंग हळूच म्हणाली. त्यात कौतुक किती आणि काळजी किती ते मला कळलं नाही. त्या दिवशी ती दुसऱ्यांबरोबर जेवायला गेली. मला राग आला, पण समजलंही. तिलाही त्याच ऑफिसात राहायचं होतं.

शुक्रवार येईपर्यंत मी दोन कामं केली. एक, सॉफ्टवेअर हलवायची पूर्ण तालीम टेस्ट सर्व्हरवर करून पाहिली. टेस्ट सर्व्हर म्हणजे खऱ्या सर्व्हरची नक्कल, तिथे काही मोडलं तरी कोणाचं बिघडत नाही. आणि दुसरं, चेंज रिक्वेस्टमध्ये, म्हणजे असं कोणतंही काम करण्यापूर्वी भरायच्या अर्जात, स्पष्ट लिहिलं की ई ड्राइव्ह सुचवला गेला होता आणि तो मी का नाकारला. डेस्मंडने तो अर्ज फेटाळला नाही. फेटाळायचा तर कारण लिहावं लागतं. त्याने नुसतं 'नोटेड' लिहिलं आणि तो पुढे पाठवला.

शुक्रवारी बाराला मिसेस कोह स्वतः आमच्या मजल्यावर आल्या. हातात छोटी छत्री, चेहरा नेहमीसारखाच कोरा. "नो रिप्लाय?" म्हणून त्यांनी विचारलं. "नाही," मी म्हणाले. घड्याळात बारा वाजले. डेस्मंडच्या केबिनचं दार बंद होतं. मी फाइल निवडली आणि काढून टाकली. स्क्रीनवर डीसमोर लाल पट्टी होती, ती क्षणात रिकामी झाली. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला दुसरं नाव नाही, मला मजा वाटली.

"गुड," मिसेस कोह म्हणाल्या आणि जेवायला गेल्या.

शनिवारी खरं काम. लोकांना वाटतं सॉफ्टवेअर हलवणं म्हणजे फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवणं. तसं नसतं. बसवताना ते सर्व्हरच्या कानाकोपऱ्यांत आपला पत्ता नोंदवून ठेवतं. म्हणून आधी सगळं थांबवलं. बॅकअप घेतला, तो ईवर, जिथे तो शोभतो. मग सॉफ्टवेअर डीवर नव्याने बसवलं. या वेळी प्रत्येक स्क्रीन वाचला आणि जिथे 'कुठे बसवू?' असं विचारलं तिथे डी लिहिलं. जुन्या सेटिंग आणल्या. कंपनीचा सगळा डेटा वेगळ्या सर्व्हरवर असतो, त्याला धक्का लावायचा नव्हता. नव्या सॉफ्टवेअरला नुसती त्याची वाट दाखवायची होती.

शेवटी मी सीवरच्या जुन्या फोल्डरचं नाव बदललं. पुसलं नाही, नुसतं नाव बदललं. हे मुद्दाम करायचं असतं. कोणी अजून चोरून जुन्या पत्त्यावर जात असेल तर त्याला दार सापडू नये आणि त्याने तिथेच आरडाओरडा करावा. आज ओरडलेलं परवडतं, सोमवारी नाही.

दुपारी डेस्मंड आला. बर्म्युडा, चपला आणि हातात स्वतःपुरती कोपी, म्हणजे इथली दाट गोड कॉफी. माझ्या मागच्या खुर्चीत बसला. "जस्ट लुकिंग," म्हणाला.

मिसेस कोह घरून एकेक गोष्ट तपासत होत्या आणि मला स्पीकरवर सांगत होत्या. बुकिंग चाललं. परमिट चाललं. बिल छापायला घेतलं आणि लाल एरर आली.

मागची खुर्ची करकरली. "रोल बॅक?" डेस्मंडने विचारलं. म्हणजे सगळं पूर्ववत करायचं, पुन्हा सीवर.

"नाही."

"सोमवारी बिल निघालं नाही तर मी काय उत्तर देऊ?"

"तू कशाला देशील? चेंज माझ्या नावावर आहे. तूच सांगितलं होतंस."

मी एरर नीट वाचली. बिलावर कंपनीच्या शिक्क्याचं चित्र छापलं जातं. बिलाचा नमुना ते चित्र जुन्या पत्त्यावर, सीवर शोधत होता. कोणीतरी पूर्वी तो पत्ता हातानेच आत लिहून ठेवला होता. तालमीत हे कळलं नव्हतं, कारण टेस्ट सर्व्हरवर आम्ही शिक्का छापतच नाही. डेस्मंडची पाटी लावली असती तर हे आजही कळलं नसतं. पुढच्या अपडेटला कळलं असतं, ऐन महिनाअखेरीला.

एक पत्ता चुकीचा म्हणजे आणखी असणार. मी सगळ्या नमुन्यांत सीचा पत्ता शोधला. डेबिट नोट, डिलिव्हरी ऑर्डर, एकामागून एक निघायला लागले. सगळे दुरुस्त केले. डेस्मंडची कोपी संपली, तो मोबाइल बघायला लागला. मी पुन्हा बिल छापायला दिलं. स्पीकरवर मिसेस कोहचा आवाज आला, "कॅन."

कॅन म्हणजे जमलं, आणि सिंगापूरमध्ये याहून मोठी पावती नाही. मी खुर्चीत मागे रेलले आणि वेई लिंगला एक अंगठ्याचं चित्र पाठवलं. तिच्याकडून लगेच बारा फुगे आले.

डेस्मंड उठला. "डीवर आता किती जागा उरली?"

"बरीच."

"पायलटला पुरेल?"

"पायलट आला की मोजू," मी म्हणाले.

महिनाअखेर सुरळीत पार पडली. महिन्याच्या मोठ्या मीटिंगमध्ये डेस्मंडने एक स्लाइड दाखवली, 'यशस्वी स्टोरेज ऑप्टिमायझेशन.' माझं नाव तिच्यावर नव्हतं. त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. माझ्या पासचे दोन महिने झपाट्याने कमी होत होते आणि अर्ज काही जात नव्हता. एचआर म्हणे डेस्मंडकडे अडलाय. डेस्मंड पँट्रीत भेटला की कॉफी ढवळत म्हणे, "सून, सून."

तोच शब्द. कॉफीचा कप घेऊन मी जागेवर आले आणि तो कप थंड व्हायच्या आत मेल लिहिला. एचआरला, डेस्मंडला कॉपी.

'माझ्या पासच्या नूतनीकरणाला माझ्या विभागाची हरकत असल्यास तिचं कारण शुक्रवारी दुपारी बारा वाजेपर्यंत या मेलला उत्तर देऊन कळवावं. म्हणजे मला पुढची तयारी करता येईल.'

पाठवायच्या आधी तो मी हेमंतला फोनवर वाचून दाखवला. तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "अगं, हा तर तोच मेल आहे! नुसतं फाइलचं नाव बदललंस!"

धमकी मात्र फाइलइतकी पोकळ नव्हती, हे मला ठाऊक होतं. कंपनीला पास न वाढवण्याचा अधिकार आहे. डेस्मंडने 'गरज नाही' एवढे दोन शब्द लिहिले असते, तर आम्ही खरोखरच सामान बांधलं असतं. त्या आठवड्यात हेमंतने ठाण्याला दोन फोन केलेही. मी इराच्या शाळेच्या दाखल्याची चौकशी केली. भीती गेली नव्हती, तिच्याबरोबर काम करायची सवय झाली होती.

शुक्रवारी सकाळी एचआरचं उत्तर आलं. विभागाची मंजुरी मिळाली, अर्ज आजच जातोय. खाली डेस्मंडची एक ओळ होती, 'सपोर्टेड.' त्याने मला पाठवलेला हा पहिला लेखी निर्णय. मी तो जपून ठेवला आहे.

पुढे पास आला. घरी सांगितलं तेव्हा हेमंतने श्रीखंडाचा घाट घातला. इराने सुटकेचा श्वास सोडला आणि मग तिचा चेहरा पडला. "सो मंडे स्टिल गॉट मॅथ्स टेस्ट," ती म्हणाली.

हॉकर सेंटरमधल्या पाकिटाला मी अजूनही हात लावत नाही. तिथे ते ठेवणारा माणूस पाच मिनिटांत ट्रे घेऊन परत येतो. ऑफिसात मात्र जागा भरलेली दिसली की मी आता वळसा घालत नाही. आत काय आहे ते विचारते, आणि उत्तर लेखी मागते.

एआयचा पायलट अजून यायचा आहे. सून.